मोडक्या नकलेंतून परत आलेली वही

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादी तरी जुनी वही, पोथी किंवा पत्रांची चवड असतेच, आणि ती कोणत्या कपाटांत आहे हें घरांतल्या एकाच माणसाला ठाऊक असतें. पूर्वीं अशा कागदांना भय असे तें वाळवीचें, कसरीचें, पाण्याचें आणि रद्दीवाल्याचें. आतां तोच मजकूर संगणकांत जाऊन बसला आहे, आणि "बॅकअप घेतलेला आहे" एवढें वाक्य उच्चारलें कीं घरांतले कर्ते पुरुष निश्चिंत होतात. तो बॅकअपच मोडका निघाला तर काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्याहि घरीं कोणीं विचारला नव्हता. आमच्यावर तो प्रसंग आला, त्यावर अठरा वर्षांनीं तोड निघाली, आणि ती कशी निघाली हें येथें सांगावयाचें आहे. विषय यंत्राचा म्हणून भगिनीवर्गानें पान उलटूं नये. यांतलें तंत्र ताक घुसळण्याहून फारसें अवघड नाहीं, चिकाटी मात्र तितकीच लागते.

वही होती माईंची, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची. १९०० सालीं कोंकणांत जन्मलेल्या माई लग्न होऊन पुण्यास शनिवार पेठेंतल्या वाड्यांत आल्या. लिहावयास त्या यजमानांपाशींच शिकल्या आणि पुढें चाळीस-पन्नास वर्षें, सवड सांपडेल तशी, एकाच जाड बांधणीच्या वहींत लिहीत राहिल्या. बाळंतिणीच्या काढ्यांचीं प्रमाणें, मेतकुटाचें माप, जात्यावरच्या ओव्या, कोणाकडून किती उसने आणले व केव्हां फेडले याचा हिशेब, आणि या सर्वांच्या मधूनच घरांतल्या सुखदुःखाच्या चार-चार ओळी, असा तो मजकूर. यजमानांचें नांव घेण्याची सोय नसल्यामुळें त्यांचा उल्लेख सर्वत्र 'स्वारी' असा. स्वारी आज उशिरा आली, आमटी दोनदां ऊन केली, अशा प्रकारचीं वाक्यें. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें पुढें काम पडणार आहे.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून पुण्यांत मुठेला जो पूर आला, त्यांत वाड्याच्या तळमजल्यावरचें सगळें गेलें. वही तेवढी वांचली, कारण सासूबाईंच्या पहिल्या बाळंतपणासाठीं माई त्या महिन्यांत अंधेरीस आल्या होत्या व वही त्यांच्या वळकटींत होती. ती मग अंधेरीसच राहिली.

मामंजी रेल्वेच्या हिशेब-कचेरींत जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले. २००२ सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, ते संगणकावर मराठी टंकलेखन शिकले आणि दोन वर्षें खपून त्यांनीं माईंची सबंध वही उतरवून काढली. दिवसभरांत जें लिहून होई तें संध्याकाळीं दिवाबत्ती झाल्यावर सासूबाईंना वाचून दाखवावयाचें, असा त्यांचा परिपाठ. एकंदर २१२ पानें भरलीं. पुढें त्यांचा एकच आग्रह होता कीं, याची नक्कल दुसऱ्या गांवीं असली पाहिजे. एकाच छपराखालीं ठेवलेली नक्कल ही नक्कलच नव्हे, असें ते म्हणत. पानशेतनें त्यांना तेवढें शिकवलें होतें. दुसरें गांव म्हणजे मुलुंड, थोरल्या भावजींचें घर. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, त्या वेळीं अभियांत्रिकीच्या कॉलेजांत होता. त्यानें २००५ च्या मे महिन्यांत आमच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची 'इमेज' घेतली.

फाइलींची नक्कल करणें निराळें आणि डिस्कची इमेज घेणें निराळें. पहिल्या प्रकारांत कपाटांतलीं पुस्तकें एकेक उचलून दुसऱ्या कपाटांत ठेवतात. दुसऱ्यांत सबंध कपाटच जसेंच्या तसें, फळ्यांसह, रिकाम्या कोपऱ्यांसह, धुळीसह उतरवून घेतात. हार्ड डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या लहान लहान घरांत विभागलेली असते. आमच्या २० गिगाबाइटांच्या डिस्कवर अशीं सुमारें ३ कोटि ९० लक्ष घरें होतीं. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, मजकुराचा अर्थ न पाहतां, क्रमानें केलेली नक्कल म्हणजे इमेज. ती ज्या बाहेरच्या डिस्कवर ठेवली तिची मांडणी 'फॅट३२' नांवाच्या पद्धतीची होती, आणि त्या पद्धतींत एका फाइलीला ४ गिगाबाइटांहून मोठें होतां येत नाहीं. त्यामुळें पुतण्यानें इमेजचे पांच खंड पाडले, एखाद्या मोठ्या ग्रंथाचे पाडतात तसे, आणि डिस्क मुलुंडला कपाटांत गेली.

दोनच महिन्यांनीं, २६ जुलै २००५ रोजीं, तो पाऊस आला. चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच वेळांत कुलाब्यास अवघा ७३. कोटांतल्या कचेऱ्यांत बसलेल्या मंडळींना उपनगरांत काय चाललें आहे याची कल्पनाच येईना. आमचें घर अंधेरी पूर्वेस, तळमजल्यावर. संध्याकाळीं पांच वाजतां पाणी उंबऱ्याशीं होतें, आठ वाजतां स्वयंपाकाच्या ओट्याला लागलें. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनीं आम्हांला रात्रभर ठेवून घेतलें. माझी कन्या चार वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन मी जिना चढलें, तेव्हां वहीची आठवण मला झाली नाहीं. ती खालच्या खणांत होती. दोन दिवसांनीं काढली तेव्हां शाई सगळी विरघळून पानें निळसर झालीं होतीं आणि एकमेकांना चिकटून त्यांचा एक लगदा बनला होता.

संगणकहि बुडाला होता. येथें आम्हीं जी चूक केली ती वाचकांनीं करूं नये म्हणून सांगतें. हार्ड डिस्क दिसावयास बंद डबी दिसते. परंतु बहुतेक डिस्कांना हवेसाठीं एक बारीक छिद्र ठेवलेलें असतें, आणि बुडालेल्या डिस्कमध्यें त्यांतून पाणी व गाळ जाऊं शकतो. एका दुरुस्तीवाल्यानें ती बाहेरून पुसली, उन्हांत ठेवली आणि वीज लावून पाहिली. आंत तबकडी मिनिटाला हजारों वेळां फिरते व वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्याहि कित्येक पटींनीं कमी अंतरावर तरंगत असते. मधें वाळलेला गाळ. काय व्हावयाचें तें दोन सेकंदांत झालें. भिजलेल्या डिस्कला वीज लावूं नये, घरीं वाळवूंहि नये. ती तशीच झांकून ज्यांच्यापाशीं स्वच्छ खोली व साधनें आहेत अशा जाणकारांकडे पोंचवावी.

तरी आम्ही निर्धास्त होतों. मुलुंडची नक्कल होती ना! ऑगस्टांत पुतण्या ती घेऊन आला. नवें टेबल अजून आलें नव्हतें म्हणून डिस्क स्टुलावर ठेवली, तिची तार नव्या संगणकाला जोडली आणि ती फिरूं लागली. मी चहाचे पेले घेऊन आलें, तार माझ्या पायांत अडकली, आणि डिस्क फिरत असतांनाच फरशीवर पडली. दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं, माझा. त्यानंतर ती उघडे खरी, पण पहिला खंड वाचूं लागली कीं आंतून टकटक आवाज येई व संगणक थिजून बसे. मामंजींनीं एक अक्षर मला बोलून दाखवलें नाहीं. "फार चालवूं नका तिला," एवढेंच म्हणाले. डिस्क उघडून मजकूर काढणाऱ्या एका संस्थेनें जो खर्च सांगितला तो, घराच्या भिंतींना पुन्हां गिलावा करण्याच्या त्या वर्षीं, आम्हांला झेपण्यासारखा नव्हता. सासूबाईंनीं डिस्क सुती फडक्यांत गुंडाळून देवघराच्या वरच्या फडताळांत ठेवून दिली. २०११ सालीं मामंजी गेले. डिस्क तेथेंच होती.

आज मागें पाहतां वाटतें कीं, मामंजींचें तें "फार चालवूं नका" हेंच सर्वांत मोलाचें ठरलें. जखमी डिस्क पुनः पुन्हां चालवून पाहणें, संगणक 'दुरुस्त करूं का?' असें विचारतो त्याला होकार देणें, तिच्यावर कांहीं नवें लिहिणें, यांनीं जेवढी हानि होते तेवढी मूळ आघातानें सुद्धां होत नाहीं. संगणकाची ती दुरुस्ती म्हणजे विस्कटलेल्या दप्तरांतलीं ओळख न पटणारीं पानें फाडून दप्तर नीटनेटकें करणें होय. त्याला मांडणीची काळजी. मजकुराची काळजी घरच्या माणसालाच.

२०२३ च्या मे महिन्यांत कन्येनें तें फडकें सोडलें. ती आतां बावीस वर्षांची, संगणकशास्त्राची पदवी घेतलेली. पुतण्या लग्न होऊन बोरिवलीस राहतो. तो दर रविवारीं येऊं लागला, बहुधा अठरा वर्षांपूर्वींचें ओझें त्याच्याहि मनावर असावें. पहिला नियम दोघांनीं असा ठरवला कीं, जुन्या डिस्ककडून शेवटचें एकच काम करून घ्यावयाचें, तें म्हणजे तिची संपूर्ण नक्कल; पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. या कामाला 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आहे. आंतोनियो दियाझ दियाझ यांनीं तो रचला. साधा संगणक वाचतां न येणाऱ्या घरापाशीं आला कीं तेथेंच डोकें आपटीत बसतो. हा तसें करीत नाहीं. पडक्या वाड्यांतून सामान काढतांना शहाणा मनुष्य आधीं उभ्या खोल्या रिकाम्या करतो व ढिगाऱ्याला शेवटीं हात लावतो. त्याप्रमाणें हा प्रोग्रॅम अडलेला भाग सोडून पुढें जातो, चांगला सगळा मजकूर प्रथम उतरवून घेतो, आणि मग सोडलेल्या जागांकडे परत वळून त्यांच्या कडा, कधीं पुढून कधीं मागून, थोड्या थोड्या कुरतडीत आणतो. काय वाचलें, काय राहिलें याची टिपण तो लिहीत जातो, म्हणून मधें वीज गेली तरी काम वायां जात नाहीं.

तीन दिवस आणि चार रात्री तें चाललें. डिस्कखालीं ओल्या पंचाची घडी नको म्हणून कन्येनें आजीला तीनदां बजावलें; सासूबाईंना ती फार तापलेली वाटत होती. शेवटीं हिशेब असा निघाला कीं, दुसऱ्यापासून पांचव्यापर्यंत चारी खंड निर्दोष उतरले, आणि पहिल्या खंडांतले, तेहि तुकड्यातुकड्यांनीं, सुमारें ३ मेगाबाइट गेले. वीस हजार मेगाबाइटांत तीन! आम्ही पेढे आणले. पेढे जरा लौकर आणले असें नंतर कळलें.

पांच खंड क्रमानें जोडले आणि ती इमेज उघडूं गेलों तर संगणकानें साफ नकार दिला. आंत कांहींच नाहीं, डिस्क कोरी करूं का, असा उलट प्रश्न त्यानें केला. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. डिस्कवर मजकूर जसा असतो तशीच त्या मजकुराची एक खतावणी असते: अमुक नांवाची फाइल, अमुक दिवशीं लिहिलेली, अमुक अमुक घरांत ठेवलेली. आमच्या डिस्कवर जी 'एनटीएफएस' पद्धति होती तींत ही खतावणी डिस्कच्या अगदीं आरंभीं नसून बरीच आंत असते, आणि प्रत्येक फाइलीसाठीं तींत १ किलोबाइटाची एक नोंद असते. पडतांना सुई जेथें घासली ती जागा नेमकी ही. तीन मेगाबाइट गेले म्हणजे सुमारें तीन हजार नोंदी गेल्या, आणि मामंजींच्या पुस्तकाच्या नोंदी त्यांत होत्या. कोठारांत धान्य शिल्लक, पण कोणत्या कणगींत काय आहे तें सांगणारी वही जळालेली, अशी अवस्था. संगणक खतावणीवांचून पाऊल टाकीत नाहीं म्हणून तो 'कांहीं नाहीं' म्हणतो. पुष्कळ कुटुंबें येथेंच हताश होऊन डिस्क टाकून देतात. नकाराचा अर्थ मजकूर गेला असा नव्हे, एवढें ज्याला कळलें त्याचें अर्धें काम झालें.

जुन्या हिशेबनिसांना 'ताळा' माहीत आहे. मोठ्या बेरजेचा नवांनीं ताळा घेतला कीं चूक आहे कीं नाहीं हें कळतें, कोठें आहे हें कळत नाहीं. बॅकअपचे पुष्कळ प्रोग्रॅम असाच ताळा इमेजमध्यें लिहून ठेवतात, व तो जुळला नाहीं कीं सबंध इमेज नाकारतात. एका आण्याच्या चुकीसाठीं सगळा रोजमेळ फेटाळणाऱ्या हेडक्लार्काप्रमाणें. त्यांतहि इमेज दाबून लहान केलेली असेल तर संकट अधिक, कारण दाबलेल्या मजकुरांत एक दुवा निखळला कीं त्यापुढचा निदान तेवढा भाग उलगडत नाहीं. सुदैवानें पुतण्यानें आमची इमेज न दाबतां घेतली होती. त्यामागें दूरदृष्टि होती कीं आळस, हें मीं त्याला विचारलेलें नाहीं.

मग खतावणीशिवाय धान्य ओळखावयाचें कसें? येथें मला पोथ्यांची उपमा सुचते. आपल्या जुन्या पोथ्या शिवलेल्या नसत. सुटीं पानें, समासांत पत्रांक. कसरीनें समास खाल्ला व दोरी तुटली तर शास्त्रीबुवा काय करीत? श्रीगणेशाय नमः दिसलें कीं ग्रंथारंभ, इति दिसलें कीं समाप्ति, आणि मधलीं पानें वाक्याच्या ओघावरून लावावयाचीं. संगणकाच्या फाइलींनाहि असेंच मंगलाचरण असतें. छायाचित्राची 'जेपेग' फाइल २५५, २१६, २५५ या आंकड्यांनीं सुरू होते व २५५, २१७ नीं संपते. 'पीडीएफ' फाइलीच्या तोंडीं शेकड्याचें चिन्ह आणि तींच तीन इंग्रजी अक्षरें असतात. 'झिप'च्या आरंभीं 'पीके' हीं अक्षरें असतात, तीं ती पद्धति काढणाऱ्या फिल कॅट्झच्या नांवाचीं आद्याक्षरें. आणि २००७ पासूनच्या वर्डच्या फाइली आंतून झिपच असल्यामुळें त्यांच्याहि कपाळीं हेंच. मामंजींच्या काळच्या वर्डची फाइल २०८, २०७, १७, २२४ अशी उघडते. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांचा 'फोटोरेक' नांवाचा प्रोग्रॅम, हाहि विनामूल्य, खतावणीकडे ढुंकूनहि न पाहतां पहिल्या घरापासून शेवटपर्यंत असलीं मंगलाचरणें शोधीत जातो आणि सांपडेल ती फाइल बाहेर काढून ठेवतो. नांव अर्थातच परत येत नाहीं. फाइलीला नुसता क्रमांक मिळतो.

एका रात्रींत चौदा हजारांवर चित्रें निघालीं. त्यांत कन्येच्या पहिल्या वाढदिवसाचीं अकरा. बाकी बहुतेक कोठल्या तरी जाहिरातींचे चिठोरे. वर्डच्या फाइली सातशेंच्या आसपास. उघडावी ती आंत इंग्रजी अक्षरांची खिचडी, मधूनच टिंबें आणि कंस. पुतण्यानें कपाळाला हात लावला. पण ही खिचडी मोडतोडीमुळें नव्हती, ती त्या काळच्या मराठी टंकाची होती. देवनागरीसाठीं 'इस्की' नांवाचा भारतीय मानक-संकेत १९९१ सालींच ठरला होता, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतहि त्याच वर्षीं देवनागरीला जागा मिळाली. पण घरोघरच्या संगणकांत तें रुळावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत छापखान्यांत आणि घरीं जे टंक चालत ते एक प्रकारचें सोंग होतें. संगणकाला वाटे, इंग्रजी अक्षर लिहिलें आहे. टंक त्या जागीं 'क' चें चित्र दाखवी. टंक जवळ असेल तर मराठी, नसेल तर खिचडी. प्रत्येक कारखान्याचें सोंग निराळें.

तो टंक मामंजींच्या एका जुन्या सीडीवर सांपडला. तरी सातशें फाइलींत माईंच्या अकरा कोणत्या, आणि कांहीं फाइलींचे तुकडे सुटे पडले असतील ते कोठें, हा प्रश्न राहिलाच. तेव्हां कन्येनें जें केलें त्याचें मला फार कौतुक वाटतें. तिनें आजीला विचारलें, "आजी, पणजीच्या वहींत पुनः पुन्हां येणारा आणि दुसरीकडे कोठें न येणारा शब्द कोणता?" सासूबाई क्षणाचाहि विलंब न लावतां म्हणाल्या, "स्वारी." कन्येनें त्याच टंकांत 'स्वारी' लिहिलें, त्या चार-पांच चित्रांच्या मागें कोणते आंकडे उमटतात तें पाहिलें, आणि तेवढे आंकडे ओळीनें कोठें कोठें येतात हें सबंध इमेजमध्यें शोधावयास लावलें. तीनशेंवर ठिकाणीं स्वारी सांपडली! त्यांतल्या चाळीसएक ठिकाणीं ती अहमदशहा अब्दालीची होती, कारण मामंजींनीं पानिपतावर एक निबंध लिहिला होता, तो वगळला. ज्यांचा मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीनें लिहिलेला आहे त्यांचें काम याहून सोपें. त्या पद्धतीच्या सर्रास वापरांतल्या रूपांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन आंकड्यांनीं लिहिलें जातें. त्यांतला पहिला नेहमीं २२४ व दुसरा १६४ किंवा १६५. या जोड्यांची चाळण लावली कीं डिस्कच्या कोणत्या कोपऱ्यांत देवनागरी आहे तें आपोआप उघड होतें.

अकरा फाइलींपैकीं नऊ अखंड मिळाल्या. दहावीचे दोन तुकडे एकमेकांपासून फार दूर पडले होते, कारण फाइल वाढत गेली कीं संगणक पुढचा भाग जेथें जागा असेल तेथें ठेवतो. पहिला तुकडा लोणच्याच्या मध्यावर, मोहरी फेसण्यापाशीं तुटत होता. दुसरा कोठून सुरू होतो तें सासूबाईंनीं सांगितलें. अकरावीला मधें भोंक होतें. तें आठ घरांचें, म्हणजे ४०९६ बाइटांचें. त्या टंकांत एका चित्राला एक बाइट, तेव्हां छापील दोन पानें.

मजकूर युनिकोडांत आणतांना आणखी एक गंमत झाली. जुना टंक चित्रांचा, म्हणून त्यांत ऱ्हस्व इकार डोळ्यांना दिसतो तसा व्यंजनाच्या आधीं लिहिलेला. युनिकोडांत तो उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर यावयास पाहिजे. रफार याच्या उलट. नुसतें चिन्हाला चिन्ह बदलीत गेलें तर 'अधिक' चें 'अिधक' होतें आणि 'सूर्य' तर ओळखूंच येत नाहीं. हे नियम कन्येनें लिहिले आणि मुद्रितें मीं तपासलीं. गेलें वर्षभर दुपारचा माझा तोच उद्योग होता. माईंचें शुद्धलेखन मीं सुधारलें नाहीं.

वाचकांच्या फोनमधल्या व नव्या संगणकांतल्या मजकुराबद्दल एक इशारा येथें दिला पाहिजे. आमची डिस्क तबकडीची होती म्हणून पुसलेलें, विसरलेलें, नांव गमावलेलें तींत पडून राहिलें. आतांच्या 'एसएसडी' प्रकारांत फाइल पुसली कीं ती जागा रिकामी समजावी असें संगणक स्वतःच कळवतो आणि बहुधा ती थोड्या वेळांत खरोखर कोरी होते. अठरा वर्षें फडताळांत, विजेवांचून, तींतला मजकूर टिकेल असाहि भरंवसा नाहीं. दुसरें असें कीं, बॅकअप घेतला त्याच दिवशीं तो परत उघडून एक तरी फाइल वाचून पाहावी. आम्हीं २००५ च्या मे महिन्यांत जर त्या इमेजमधून माईंचीं पानें काढून कागदावर छापलीं असतीं तर हा लेख लिहावा लागला नसता. छापण्याचा खर्च, मला आठवतें, मामंजींनीं काढला होता आणि दिवाळीपर्यंत थांबूं असें ठरलें होतें.

राहिलीं तीं दोन पानें. मागचा-पुढचा मजकूर पाहतां तो १९१८ च्या मानमोडीच्या साथीचा भाग होता. माईंची पहिली मुलगी त्या साथींत गेली, एवढें घरांत सर्वांना ठाऊक. त्या मुलीचें नांवहि मामंजींच्या पिढीनें कधीं ऐकलें नव्हतें. सासूबाईंना विचारलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "हें त्यांनीं मला वाचून दाखवलेंच नाहीं. त्या संध्याकाळीं नुसते बसून होते. पण माईंनीं सांगितलें होतें मला, तुझ्या मोठ्या काकाच्या वेळीं, अंधेरीच्या घरीं. मी बाळंतीण, त्या शेकशेगडी करायच्या, आणि रात्रीं बोलायच्या." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनीं बासष्ट वर्षांपूर्वीं ऐकलेलें तें सगळें सांगितलें, नांवासकट, आणि कन्येनें तें उतरून घेतलें.

हें वहींत घालावें कीं न घालावें, यावर घरांत दोन रविवार वाद झाला. पुतण्याचें म्हणणें, जागा कोरी ठेवावी. जें डिस्कवर नाहीं तें नाहीं. मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण झाली. १९१९ सालीं हातीं घेतलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहण्यांत आलीं. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून १९४३ सालीं वारले तोंपर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते. त्या आवृत्तींत जो पाठ संपादकांना सर्वस्वी निश्चित वाटला नाहीं तो त्यांनीं गाळला नाहीं कीं खरा म्हणून दडपूनहि दिला नाहीं. त्याच्या खालीं एक नागमोडी रेघ छापली आहे. तसेंच करावें असें मीं सुचवलें आणि तें दोघांना पटलें.

छापलेलीं दोन पानें कन्येनें आजीपुढें ठेवलीं. त्यांनीं भिंग घेऊन सावकाश वाचलीं आणि रेघ कसली म्हणून विचारलें. कन्येनें समजावून सांगितलें. सासूबाईंनीं पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवलें. "येथली काढ," त्या म्हणाल्या. "हें मला पक्कें आठवतें. दुसऱ्याखालीं राहूं दे."